लेकराच्या हाताला माती द्या, आणि जवळ बसा



१० जुलै २०२४ ची सकाळ आपल्या हिंगोली जिल्ह्यात कुणीच विसरलेलं नाही. सव्वासातची वेळ होती. कुणी चुलीपुढं भाकरी थापत होतं, कुणी गोठ्यात होतं, कुणी लेकीची वेणी घालत होतं. एकदम जमीन हलली. मांडणीवरची भांडी खडखडली, पत्रे वाजले आणि सगळं गाव रस्त्यावर आलं. त्या भूकंपाची तीव्रता ४.५ होती. त्याच वर्षी २१ मार्चला, सकाळी सहाच्या सुमारास, तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला होता आणि दहा-बारा मिनिटांत पाठोपाठ दुसरा. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आजूबाजूच्या गावांनी तर त्याच्याही आधीपासून काही वर्षं जमिनीतून येणारे आवाज ऐकले आहेत.

आपलं नशीब, मोठी हानी झाली नाही. कुठं भिंतीला तडा गेला, कुठं कुडाचं घर कललं. मोठी माणसं चार दिवस बोलली आणि पेरणी-खुरपणीच्या मागं लागली. पण नंतरच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत हप्ता आणि व्याज बाजूला राहिलं, आणि बाया वेगळंच सांगायला लागल्या. एकीचा तिसरीतला पोरगा रात्री घरात झोपायला तयार होईना. ट्रॅक्टर गेला की तो दाराकडं पळायचा. एकीची सात वर्षांची मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली होती. एका पोराचं शाळेच्या वेळेलाच पोट दुखायचं. अंगणात पोरं काड्यांचं घर रचायची, सगळी मिळून ‘हाललं, हाललं’ ओरडायची आणि ते घर पाडायची. म्हाताऱ्या बाया ओरडायच्या, “अभद्र खेळ खेळू नका रे!”

आम्ही बचत गटांचं काम बघणाऱ्या सहयोगिनी. आम्ही डॉक्टर नाही. पण गेल्या काळात या लेकरांसोबत बसता बसता, जाणत्या माणसांना विचारता विचारता आणि आमच्या स्वतःच्या चुकांमधून जे शिकलो, ते आज तुमच्यापुढं मांडायचं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून लेकरांची नावं आणि गावं आम्ही सांगणार नाही.

मनाला बसलेला धक्का म्हणजे काय?

शेतावर राखणीचा कुत्रा असतो. एका रात्री खरोखरच चोर येतो. त्यानंतर तो कुत्रा कित्येक रात्री पाचोळा वाजला तरी भुंकतो. कुत्रा बिघडलेला नसतो. तो आपलं काम करत असतो, फक्त चोर गेला हे त्याला अजून समजलेलं नसतं. लेकराच्या मनाचं असंच होतं. जीवावर बेतलेला प्रसंग गेला तरी शरीर ‘सावध, सावध’ म्हणत राहतं. छाती धडधडते, झोप उडते, भूक मरते, पोट दुखतं. म्हणून पोट दुखतं म्हणणारं लेकरू नाटक करत नसतं. त्याचं पोट खरंच दुखत असतं.

वयाप्रमाणं खुणा वेगळ्या दिसतात. पाच-सहा वर्षांखालचं मूल आईचा पदर सोडत नाही, बोबडं बोलायला लागतं, पुन्हा अंथरूण ओलं करतं. शाळेत जाणारं मूल अभ्यासात मागं पडतं, चिडचिड करतं, झालेला प्रसंग पुन्हा पुन्हा खेळात आणतं. बारा-तेराच्या पुढचं मूल गप्प होतं, घराबाहेर राहतं, नाहीतर एकदम मोठ्या माणसासारखं वागायला लागतं. हे शेवटचं आपल्या लक्षातच येत नाही. उलट आपण त्याचं कौतुक करतो, “बघा कसा समजूतदार झाला!”

धक्का काही भूकंपाचाच असतो असं नाही. कर्जापायी बापानं जीव दिला, मोटारसायकलच्या अपघातात भाऊ गेला, कोरोनात आई गेली, रोज रात्री दारू पिऊन घरात मारहाण होते, कुणी जवळच्यानंच लेकराच्या अंगाला नको तसा हात लावला. हे सगळे मनाचे घावच आहेत. भूकंपाबद्दल गावात निदान उघड बोलता तरी येतं. बाकीचे घाव लेकराला एकट्यानं वागवावे लागतात.

‘बोल ना, काय झालं?’ हे का चालत नाही

आपल्याला वाटतं, लेकरानं सगळं बोलून टाकलं की मोकळं होईल. म्हणून येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, “तू कुठं होतास तेव्हा? काय पाहिलंस?” लेकरू उत्तर देतं आणि प्रत्येक वेळी तोच प्रसंग नव्यानं भोगतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली संकटात सापडलेल्या माणसांना मानसिक प्रथमोपचार कसे द्यायचे याची एक पुस्तिका काढली. तिचं सार तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. आणि त्यात बजावून सांगितलं आहे की कुणालाही घडलेलं सांगायला भाग पाडू नका. सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर जवळ राहा.

दुसरं असं, की लहान मुलाकडं तेवढे शब्दच नसतात. आपल्याकडं तरी कुठं असतात? आपल्या आज्या-पणज्यांनी सासरचा जाच कुणाला समोर बसवून सांगितला? त्यांनी तो जात्यावर सांगितला. पहाटे हात फिरत होता, पीठ पडत होतं आणि तोंडातून ओवी बाहेर येत होती. हाताला काम होतं, समोर कुणी डोळे रोखून बसलेलं नव्हतं, आणि बहुतेक वेळा जात्याच्या दुसऱ्या बाजूला सोबतीण होती. हात हालता असला आणि कुणी जवळ असलं की मन मोकळं होतं, हे आपल्याला ठाऊकच आहे. चित्र, माती, गाणं, नाटक, बाहुल्या यांच्या मदतीनं मुलांवर जे उपचार केले जातात, त्यांच्या मुळाशीही हेच आहे.

त्यातून काय होतं ते सोपं करून सांगतो. माती मळताना, रंग फिरवताना श्वास संथ होतो आणि तो भुंकणारा कुत्रा जरा बसतो. जे पोटात गोळा होऊन बसलं होतं ते कागदावर येतं. आता ते बाहेर आहे, त्याच्याकडं थोडं लांबून पाहता येतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, भूकंपावर लेकराचा ताबा नव्हता, पण कागदावर आहे. घर पाडायचं, उभं करायचं, त्याला लाल रंग द्यायचा की हिरवा, हे तो ठरवतो. अंगणात ‘हाललं, हाललं’ खेळणारी पोरं अभद्र खेळत नव्हती. पळून जाण्याचा प्रसंग ती आपल्या हातानं पुन्हा रचत होती, आणि या वेळी कधी पळायचं ते त्यांनीच ठरवलं होतं. असला खेळ थांबवायचा नाही. फक्त लक्ष ठेवायचं. खेळ संपल्यावर लेकरं हसत घरी येत असतील तर तो औषधच समजा. तोच खेळ महिनोन्महिने तसाच चालला, आणि प्रत्येक वेळी लेकरू जास्तच घाबरत असेल, तर मदत घ्यायची.

हे आजचं फॅड नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यू लोकांना छावण्यांत कोंडलं. आजच्या चेक प्रजासत्ताकात टेरेझिन इथं अशी एक छावणी होती. फ्रिडल डिकर-ब्रँडाइस नावाच्या चित्रकार बाईंना डिसेंबर १९४२ मध्ये तिथं नेलं. तिथल्या मुलांना त्या लपूनछपून चित्रकला शिकवायच्या. मिळेल त्या रद्दी कागदावर मुलं चित्रं काढायची, आणि बाई प्रत्येकाला चित्रावर आपलं नाव घालायला सांगायच्या. छावणीत माणसाचा नंबर झाला होता. इथं त्याला नाव होतं. ऑक्टोबर १९४४ मध्ये बाईंना आउशवित्झला नेऊन मारलं. जाण्याआधी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवलेली होती. ती आज प्रागमधल्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यातल्या बहुतेक मुलांचा जीव वाचला नाही. चित्रानं मरण टळत नाही. पण इतक्या वाईट जागीही तासभर का होईना, लेकराला लेकरू राहता आलं. आम्हीही तेव्हापासून प्रत्येक कागदावर नाव लिहायला सांगतो.

आमचा गुरुवारचा तास

ज्या गावांत बायांनी मनावर घेतलं तिथं आम्ही आठवड्यातून एक तास ठरवला. गुरुवार, शाळा सुटल्यावर, समाजमंदिरात. वार, वेळ आणि जागा बदलायची नाही. सगळं हाललेलं असताना एक गोष्ट जागेवर आहे, हे लेकराला कळायला हवं.

सामान काय लागतं? गिरणीवाल्याकडचे कोरे कागद, जुनी वर्तमानपत्रं, कोळसा, गेरू, नीळ, आणि आपल्या वसमतकडची हळद. हळदीत चुन्याची निवळी पडली की लाल रंग होतो, तो बघायला पोरांची झुंबड उडते. चुना मात्र आम्ही मोठ्या बायाच कालवतो, लेकरांच्या डोळ्यांत जाऊ देत नाही. आणि ओढ्याकाठची काळी माती, खडे निवडून भिजवलेली. एवढ्यावर भागतं.

तासाची सुरुवात ‘भाकरीवर फुंकर’ घालून करायची. हातात तव्यावरची गरम भाकरी आहे असं समजायचं. नाकानं वास घ्यायचा आणि तोंडानं हळूहळू फुंकर मारायची. पाच वेळा. लेकरं हसतात, पण श्वास लांबतो आणि अंग सैल होतं. रात्री दचकून उठलेल्या मुलालाही हे करता येतं. मग अर्धा-पाऊण तास माती किंवा चित्र. ‘भूकंपाचं चित्र काढा’ असं कधीच सांगायचं नाही. ज्याला जे वाटेल ते. शेवटची दहा मिनिटं गाणं, फुगडी नाहीतर टाळ्यांचा खेळ. रडवेलं लेकरू तसंच घरी पाठवायचं नाही.

मोठ्यांनी काय करायचं नाही, त्याची यादी जास्त महत्त्वाची आहे.

चित्र दुरुस्त करायचं नाही. “झाड असं असतं का?” असं म्हणायचं नाही.

स्पर्धा लावायची नाही, नंबर काढायचा नाही, बक्षीस द्यायचं नाही.

“हे काय काढलंस?” अशी उलटतपासणी करायची नाही. “मला याच्याबद्दल सांगशील?” एवढं एकदा विचारायचं. नाही म्हणालं तर तेही उत्तरच आहे.

चित्राचा अर्थ आपण लावायचा नाही. काळा रंग वापरला म्हणजे दुःख, असं काही नसतं. कधीकधी फक्त कोळसाच जवळ पडलेला असतो.

फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला टाकायचा नाही. ते चित्र त्या लेकराचं आहे.

आमची चूक

आता आमची एक चूक सांगतो. एका गावात बारा वर्षांची एक मुलगी यायची. बाप जाऊन वर्ष होत आलं होतं. शेतात पिकलं नाही, देणं झालं, बैलजोडी विकली, आणि एक दिवस त्यानं स्वतःचा जीव दिला. मुलगी सकाळी पाणी भरायची, धाकट्या भावाला शाळेत सोडायची, स्वयंपाक करायची. सगळं गाव म्हणायचं, पोरगी गुणाची आहे. पहिल्या दुखवट्यात आमच्यापैकीच कुणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालं होतं, “आता तूच आईला सांभाळ.” आम्हाला वाटलं, आम्ही धीर दिला. खरं म्हणजे आम्ही बारा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर पोतं ठेवलं होतं.

गुरुवारच्या तासाला ती मातीचे बैल करायची. सुंदर करायची, शिंगं, वशिंड, सगळं. आणि तास संपला की मुठीत धरून चेंदामेंदा करायची. चार गुरुवार असंच झालं. पोळा तोंडावर आलेला. आमच्यातली एक न राहवून म्हणाली, “अगं, पोळ्याला कुणी बैल मोडतं का?” मुलगी काही बोलली नाही. पुढचे दोन गुरुवार ती आलीच नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो. समजूत घातली नाही. “आम्ही तसं म्हणायला नको होतं. माती तुझी आहे, तुला हवं ते कर,” एवढंच बोललो. आईसोबत चहा घेतला आणि निघालो. ती पुन्हा यायला लागली. पुन्हा बैल, पुन्हा मोडणं. आम्ही नुसतं जवळ बसून आपापली माती मळत राहिलो. पोळा होऊन गेला. त्यानंतर कधीतरी एका गुरुवारी तिनं जोडी केली, पुढं पाण्याचा हौद केला, आणि मोडली नाही. फडक्यात गुंडाळून घरी नेली, कोनाड्यात ठेवली.

पुढचं आम्हाला तिच्या आईनं गटात सांगितलं. रात्री दिवाबत्ती करताना आईची नजर कोनाड्याकडं गेली आणि ती खाली बसून रडली. वर्षभर लेकरांसमोर रडायचं नाही असा तिनं निश्चय केला होता. मुलगी जवळ येऊन बसली आणि तिनं विचारलं, “आई, मी शाळेच्या सहलीला पैसे मागितले होते. त्याच्यामुळं का गं?”

बायांनो, वर्षभर हा प्रश्न त्या लेकरानं पोटात ठेवला होता. तेव्हा आई म्हणाली, “नाही गं बाई. तुझ्यामुळं नाही.” त्या रात्री दोघी बापाबद्दल पहिल्यांदा बोलल्या. मुलगी त्या दिवसापासून पूर्ण बरी झाली असं आम्ही म्हणणार नाही. अजून तिला वाईट दिवस येतात. पण आता ती भांडते, हट्ट करते, मैत्रिणींबरोबर लंगडी खेळते. पाणी भरायला आता मामीचाही हात लागतो.

मातीनं काय केलं, तर तो प्रश्न ओठापर्यंत आणला. त्याचं उत्तर मात्र आईनंच द्यायचं होतं. गुरुवारचा तास आठवड्यातून एकच असतो, बाकीचा सगळा आठवडा लेकरू घरात असतं. म्हणून घराला आधार दिल्याशिवाय लेकराचं मन भरून येत नाही.

किल्लारीनं काय शिकवलं

मराठवाड्यात भूकंप म्हटलं की किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत, गणपती बुडवून लोक झोपलेले असताना लातूर-उस्मानाबादचा तो भाग हादरला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर येऊन दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हा आपला हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आपण परभणी जिल्ह्यात होतो. आमच्यातल्या काहीजणी तेव्हा चार-पाच वर्षांच्या होत्या. अंगणात बाजा टाकून झोपलेलं गाव त्यांना अजून आठवतं.

किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेचे शांतीलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. वाघोलीला त्यांच्या राहण्याची आणि शिकण्याची सोय झाली. तिकडं गावांत पुनर्वसन सुरू झालं तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. घर कसं बांधायचं, मदत कुणाला मिळाली, कुणाला राहिली, हे त्या बाया लोकांना सांगत आणि लोकांचं म्हणणं अधिकाऱ्यांपर्यंत नेत. ज्या बाया दुःखात बुडाल्या होत्या, त्यांच्याच हाताला गाव उभं करायचं काम मिळालं. त्यातून पुढं बचत गटांचं जाळं वाढलं.

यातून आम्ही एक गोष्ट घेतली. भ्यालेल्या माणसाला ‘भिऊ नको’ म्हणून भागत नाही, त्याच्या हाताला करण्यासारखं काही द्यावं लागतं. लेकरांनाही. म्हणून आम्ही गुरुवारी मुलांना आपापल्या घराचा नकाशा काढायला लावला. दार कुठं, बाज कुठं, वर काय ठेवलंय, जमीन हालली तर कुठून बाहेर पडायचं. त्या नकाशातून निघालं की वारा येऊ नये म्हणून पत्र्यांवर मोठमोठे दगड ठेवलेले आहेत, आणि त्याखालीच लेकरं झोपतात. मुलांनी घरी जाऊन बापांच्या मागं लागून ते दगड उतरवले आणि पत्रे हुकनं पक्के करून घेतले. घरात न झोपणारा तो तिसरीतला पोरगा, त्यानं स्वतः शिडी धरली होती. आठवडाभरात तो आजीशेजारी घरात झोपायला लागला. त्याचा धाक उगाच नव्हता, हे मोठ्यांनी मान्य केलं, तेव्हा कुठं त्याला विश्वास वाटला.

घरानं काय करायचं

दिवसाचा क्रम पहिल्यासारखा ठेवा. जेवण, शाळा, झोप वेळेवर. शाळा लवकर सुरू करा, पण अभ्यासाचा तगादा महिनाभर बाजूला ठेवा. गुरुजींना किंवा मॅडमना आधी भेटून सांगा.

खरं सांगा, थोडक्यात सांगा. “बाबा गावाला गेलेत” असं सांगू नका. लेकरू वाट पाहत राहतं, आणि खरं कळलं की आपल्यावरचा विश्वासही जातो. “बाबा वारले, ते परत येणार नाहीत. आपण सगळे तुझ्याजवळ आहोत.” एवढं पुरतं. प्रश्न येतील तसं पुढचं.

“तुझ्यामुळं नाही” हे न विचारताही सांगा, आणि पुन्हा पुन्हा सांगा. लहान मुलं प्रत्येक संकटाचं खापर मनातल्या मनात स्वतःवर फोडतात.

अंथरूण ओलं केलं म्हणून मारू नका, चारचौघांत बोलू नका. भिवविण्यासाठी “पुन्हा भूकंप येईल हं” असं तर कधीच म्हणू नका.

आजी-आजोबांची कूस, डोक्याला तेल, रात्रीची गोष्ट, याला पैसा लागत नाही आणि त्याची जागा दुसरं काही घेत नाही.

दृष्ट काढायची तर काढा, त्यात आईची माया असते. पण बाहेरचं लागलं म्हणून लेकराला मांत्रिकाकडं नेऊन मारहाण, चटके, उपास असलं काही होऊ देऊ नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

आणि आईला आधी सांभाळा. जिचं स्वतःचं मन फाटलंय तिला लेकराजवळ शांत कसं बसता येईल? आमच्या गटांत आता एक रीत पडली आहे. ज्या घरावर प्रसंग ओढवला, त्या घरी पहिले तीन महिने गटातल्या दोघी पाळीनं आठवड्यातून एकदा जातात. उपदेश करत नाहीत. सोयाबीन निवडू लागतात, धाकट्याला घेतात, तिला तासभर झोपू देतात. तिचा हप्ता थकला तर त्या तीन महिन्यांत गट तगादा लावत नाही. विधवा झाली म्हणून तिला हळदीकुंकवाला वगळायचं नाही, हेही ठरवलं. आईचा मान राहिलेला लेकराला दिसतो.

कधी मदत घ्यायची

बहुतेक मुलं घरच्या आधारानं काही आठवड्यांत सावरतात. पण महिना उलटून गेला तरी झोप, जेवण, शाळा रुळावर येत नसेल; लेकरू बोलायचंच बंद झालं असेल; स्वतःला इजा करत असेल किंवा “मला मरायचंय, मला बाबांकडं जायचंय” असं म्हणत असेल, तर थांबायचं नाही. असं बोलणं चेष्टेवारी नेऊ नका, लेकराला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही मोफत सेवा सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. हिंगोलीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मनाच्या आजारावर कुठं दाखवायचं याची चौकशी करा. आशाताईला सोबत घ्या. मनाच्या डॉक्टरकडं नेलं म्हणजे लेकरू वेडं ठरत नाही.

चित्रातून किंवा खेळातून लैंगिक छळाचा संशय आला तर आपण तपास करायचा नाही, ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारायला जायचं नाही. लेकराला “तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही” एवढं म्हणा आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवा. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणं कळवणं बंधनकारक आहे, आणि लेकराचं नाव कुठंही येऊ द्यायचं नसतं.

आई किंवा वडील नसलेल्या मुलांसाठी क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. त्यात अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलामागं दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. मृत्यूचा दाखला, आधार, शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला ही कागदं त्या बाईला एकटीनं गोळा करायला लावू नका, गटातली एकजण सोबत जा. फीची आणि वह्यांची काळजी मिटली की घरातलं बोलणं बदलतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

मैत्रिणींनो, उद्या तुमच्या गावात एखादं लेकरू ट्रॅक्टरच्या आवाजानं दचकताना दिसलं, किंवा एखादी पोर वयापेक्षा जास्तच शहाणी झालेली दिसली, तर तिला लगेच काही विचारायला जाऊ नका. ओंजळभर माती भिजवा. थोडी तिला द्या, थोडी तुम्ही घ्या. आणि जवळ बसा.

गुरुवारी आम्ही समाजमंदिरात असतोच.